तळाचा लसूण

कोसिमो लोरूसोला तोरिनोत येऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती आणि या पंचेचाळीस वर्षांत अस्सल तोरिनोच्या एकाही माणसानं त्याला घरी जेवायला बोलावलं नव्हतं. त्यामुळे बुधवारी सकाळी जिन्यात भेटलेल्या, खालच्या मजल्यावरच्या एर्सिलिया गारीनोबाई भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, “शनिवारी बारा वाजता बान्या काउदा करतेय, तुम्ही या,” तेव्हा त्यानं आधी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. तो पुढे वळेपर्यंत बाई दार लावून आत गेल्याही होत्या. हो म्हणायचं राहूनच गेलं.

कोसिमो पार दक्षिण इटलीचा, बारीजवळच्या खेड्यातला. एकोणीस वर्षांचा असताना मोटारीच्या कारखान्यात रंगकामाला आला, तेव्हा इथल्या कित्येक दारांवर दक्षिणेकडच्यांना खोली मिळणार नाही अशा पाट्या होत्या. पुढे पाट्या गेल्या. पण त्याची बायको फिलोमेना म्हणायची, या लोकांचं तोंड तेवढं हसतं, बाकीचं सगळं बंद असतं. तिनं मरेपर्यंत घरात गावाकडचाच स्वयंपाक केला, तेलाचे डबेसुद्धा गावाहून मागवले. तोरिनोचे लोक घरी काय खातात, कसं खातात, हे कोसिमोला कारखान्याच्या कँटीनमध्ये कळलं असेल तेवढंच. आता फिलोमेना जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी मारिलेना लग्न होऊन पुन्हा गावाकडेच गेली होती आणि तिनं तळमजल्यावरची खोली बापासाठी रिकामी करून ठेवली होती. तिनं मुदतही घालून दिली होती. रविवारी बारा वाजता फोन करते, येतोयस की नाही एवढंच सांग, नाहीतर खोली नणंदेच्या मुलाला देते, असं तिनं बजावलं होतं.

जायचं की नाही, हे खरं तर कोसिमोच्या हातात नव्हतं. ते खालच्या मजल्यावर होतं. त्याला एर्सिलियाबाई आवडायला लागल्या होत्या. हे त्यानं स्वतःशीसुद्धा तोंडातल्या तोंडातच कबूल केलं होतं. बाई बासष्ट वर्षांच्या, लग्न न केलेल्या. त्यांचं आयुष्य कमानींखालच्या हातमोज्यांच्या दुकानात गेलेलं. माणूस दारातून आत येतानाच त्याच्या हाताचं माप ओळखायच्या म्हणे. उन्हाळ्यात त्यांच्या खिडकीची झडप निखळली, ती कोसिमोनं बसवून दिली, तिथून बोलणं सुरू झालं. बोलणं म्हणजे काय, तो बोलायचा आणि बाई ऐकून घ्यायच्या. त्यांच्या मनात काय आहे याचा मात्र ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत.

सप्टेंबरात एकदा पोस्टातून परतताना त्यांनीच त्याला जुन्या कॅफेत नेलं आणि बिचेरीन मागवलं. छोट्या काचेच्या पेल्यात खाली गरम चॉकलेट, मध्ये कॉफी, वर थंडगार साय. कोसिमोनं जन्मभर कॉफी ढवळली तसं तेही चमच्यानं ढवळून सगळे थर मोडून टाकले. बाईंनी शेजारच्या टेबलाकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्याच्या वतीनं माफी मागताहेत. मग म्हणाल्या, “चालतं.” काय चालतं, कुणाला चालतं, हे कोसिमोला आजतागायत कळलं नव्हतं. ऑक्टोबरात संध्याकाळी सहाला त्यांनी त्याला दारातच व्हर्मुथ या कडसर वाइनचा एक पेला दिला, बरोबर एक ऑलिव्ह दिलं आणि पेला संपताक्षणी बाटलीला बूच लावलं. ‘अति नको,’ असं म्हणाल्या. हे त्यांचं कशालाही उत्तर होतं. झडप छान बसली का? अति नको. फुलं आवडली का? अति नको. आणि आता एकदम घरी जेवायला. कोसिमोच्या डोक्याला भुंगा लागला.

गुरुवारी तो केस कापायला तेरेझिओकडे गेला. तेरेझिओ सात पिढ्यांचा तोरिनोकर, आणि दुसऱ्याच्या भानगडीत त्याला फार रस. कोसिमोनं आडून आडून विचारलं, की समजा, एखाद्या बाईनं एखाद्याला बान्या काउदा खायला बोलावलं, तर? तेरेझिओची कात्री थांबली.

“मग त्या एखाद्यानं आशा सोडावी,” तो म्हणाला. “बाबा रे, माणशी लसणाचा एक अख्खा गड्डा असतो त्यात. एक पाकळी नाही, गड्डा. खारवलेले मासे, तेल आणि लसूण. खाल्ल्यावर दोन दिवस तुझ्या अंगाला, कपड्यांना, उशीला वास येतो. माझी बायको मला बाहेरच्या खोलीत झोपवते. जिच्या मनात काही असतं ना, ती बाई रिसोत्तोचा भात खायला बोलावते.”

उरलेले केस तेरेझिओनं कसे कापले याकडे कोसिमोचं लक्षच नव्हतं, आणि ते दिसतही होतं.

शुक्रवारी तो पोर्ता पालाझ्झोच्या बाजारात गेला. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून सेकोन्दीना भाजीवालीला त्यानं विचारलं, बान्या काउदाच्या जेवणाला काय न्यावं. सेकोन्दीनानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग तिनं कुबडा कार्डो काढला. ही काटेरी झाडाची लांबलचक देठं, थंडीत, मार्चपर्यंतच मिळणारी. वाकवून मातीत पुरतात म्हणून ती पांढरी आणि वाकडी होतात. ती कागदात गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, कुणाकडे जेवण आहे. शेजारणीकडे, कोसिमो म्हणाला. आणखी कोण कोण आहे? कोणी नाही बहुतेक. हे ऐकल्यावर तिनं त्याच्याकडून कार्डोचे पैसे घेतले आणि एक लाल ढोबळी मिरची फुकट टाकली.

“हे घरच्यांशिवाय कुणी कुणाबरोबर खात नाही,” ती म्हणाली. “मी तर माझ्या दिराबरोबरसुद्धा खायची नाही.”

म्हणजे याचा अर्थ चांगला ना, असं कोसिमोनं घाईघाईनं विचारलं. सेकोन्दीना म्हणाली, तसंच काही नाही. लसूण दुधात शिजवून मऊ केलेला असेल तर समजायचं, पाहुणा म्हणून बोलावलंय. नुसता तेलात शिजवला असेल तर घरचा म्हणून. आणि घरचा म्हणजे भाऊ मानलंय की आणखी काही, ते तुमचं तुम्ही बघा. एवढं बोलून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मागून आलेल्या गिऱ्हाइकानं, न विचारता, दूध घालणारे लोक तोरिनोचे नव्हेतच असं ठणकावलं, आणि त्या दोघींची जुंपली. कोसिमो कार्डो घेऊन निघाला तेव्हा आला होता त्यापेक्षा जास्त गोंधळलेला होता.

त्या दिवशी त्यानं बराच विचार केला. पण विचार करायला डोकं थंड लागतं, आणि त्याचा जीव तर टांगणीला लागलेला. शेवटी त्यानं एक युक्ती काढली. त्याच्या मते ती फार हुशारीची होती. जेवायचं, पण लसूण खायचा नाही. लसूण तळाशी बसतो असं तेरेझिओ बोलता बोलता म्हणाला होता. म्हणजे भाजी नुसती वरच्या तेलात बुडवायची. तोंडाला वास येणार नाही. मग उठता उठता बाईंच्या जवळ जायची वेळ आलीच, हातात हात घ्यायची वेळ आलीच, तर अडचण नको. आणि नाहीच आली, तर रविवारी मुलीला हो सांगून मोकळं व्हायचं. खबरदारी म्हणून शनिवारी सकाळी त्यानं कॉफीचे चार दाणेही चावले.

बरोबर बाराला तो खाली गेला. बाईंनी दार उघडलं, कार्डो घेतला, उलटापालटा करून पाहिला. “सेकोन्दीनाकडचा,” त्या म्हणाल्या. चांगला की वाईट, ते नाही.

आत पाऊल टाकलं आणि कोसिमो जागीच थबकला. खिडक्यांना पडदे नव्हते. दाराजवळच्या खुंट्यांवर बाईंचे कोट असायचे, तिथं एकही कोट नव्हता. सोफ्यावरचं आवरण गायब, उशा गायब. घर सोडून निघालेल्या माणसाची खोली दिसते तशी खोली दिसत होती. म्हणजे आपण गावी जायचं की नाही याचा घोळ घालत बसलो आणि बाईच निघाल्या की काय? त्यानं चाचरत विचारलं, सामान कुठं गेलं.

“मागच्या खोलीत. वास धरतं ना सगळं,” बाई म्हणाल्या आणि ओट्याकडे वळल्या.

टेबलावर कापलेल्या भाज्यांची ताटं होती. कच्ची कोबीची पानं, उकडलेले बटाटे, बीट, भाजलेल्या मिरच्या आणि आता त्याचा कार्डो, लिंबाच्या पाण्यात टाकलेला. बार्बेरा वाइनची बाटली उघडून ठेवलेली. आणि दोन छोटी मातीची भांडी. प्रत्येकाच्या पोटाखाली एक मेणबत्ती पेटवलेली, म्हणजे आतलं तेल जेवण संपेपर्यंत गरम राहावं. दोन भांडी वेगवेगळी का? सगळ्यांमध्ये एकच मोठं भांडं ठेवतात असंही तेरेझिओ म्हणाला होता. म्हणजे हे अंतर राखणं झालं का? की दोघांसाठी ही पद्धतच आहे? लसणात दूध आहे का, हे तर भांड्यात बघून काही कळेना. सगळंच तपकिरी होतं. कोसिमो खुर्चीवर बसला आणि रुमालानं कपाळ पुसू लागला.

बाई जेवायला बसल्या आणि कोसिमोला वाटलं, ही कुणी दुसरीच बाई आहे. अति नको म्हणणाऱ्या बाईंनी कार्डोचा लांब तुकडा भांड्यात पार खालपर्यंत नेला, तळ खरवडला, लसणाचा गोळाच्या गोळा वर काढला, खाली कोबीचं पान धरलं आणि तोंडात घातला. डोळे मिटले. तेल हनुवटीवर आलं, ते पुसलंही नाही. एका घासामागून दुसरा, मध्ये वाइनचा घोट. कोसिमोही तसंच करू लागला. कोबीचं पान खाली धरलं, कार्डो बुडवला. पण अगदी वरच्या वर, नखभर. तेलाचीसुद्धा चव अशी, की त्याला वाटलं, पंचेचाळीस वर्षं आपण या गावात नेमकं काय खात होतो? मन खाली जा म्हणत होतं. हात वरच राहिला.

असं दहा मिनिटं चाललं असेल. मग बाईंचं खाणं मंदावलं. त्यांनी त्याच्या भांड्यात डोकावून पाहिलं. तिथं तेल अर्ध्यावर आलं होतं आणि लसूण जसाच्या तसा बसून होता.

“उद्या कुणाला भेटायला जायचंय?” त्यांनी विचारलं.

कोसिमो म्हणाला, कुणाला नाही. फक्त मुलीचा फोन येणार आहे बारा वाजता.

“फोनला वास येत नाही.”

आता या वाक्यात टोमणा आहे, राग आहे की साधी माहिती आहे, हे त्याला कळेना. घाबरला की माणूस नको ते आधी बोलतो. त्यानं मारिलेनाची खोली, नणंदेचा मुलगा, उद्याची मुदत, सगळं सांगून टाकलं. बाईंनी ते दुकानातल्यासारखं शांतपणे ऐकलं. “म्हणजे जाताय,” त्या म्हणाल्या. तुमच्या मापाचं शिल्लक नाही, असं सांगावं तशा आवाजात. मग वाकून त्यांनी आपल्या भांड्याखालची मेणबत्ती फुंकली आणि भाज्यांची ताटं एकावर एक ठेवायला लागल्या.

जेवण संपलं, हे कोसिमोला कळलं. आणखीही काहीतरी संपत होतं आणि ते का संपतंय हे मात्र त्याला कळत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चौसष्टाव्या वर्षी, परक्या बाईच्या टेबलाशी, हातात कोबीचं पान घेऊन रडणं शोभत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण आता शोभण्याचं काय घेऊन बसायचं, असं वाटून त्यानं तोंड उघडलं.

“मी लसूण नाही खाल्ला, कारण मला वाटलं, तुमच्याजवळ बसायची वेळ आली तर,” तो म्हणाला. “तेरेझिओ म्हणाला, वास दोन दिवस जात नाही. तुम्हाला नकोसं व्हायला नको, म्हणून. मला गावी जायचं नाहीये. मला काहीच कळत नाहीये तुमचं. तुम्ही चालतं म्हणता म्हणजे काय, अति नको म्हणता म्हणजे काय, दोन भांडी ठेवलीत म्हणजे काय. बोलावलंत कशाला, तेवढं तरी सांगा.”

बाईंच्या हातात ताटं तशीच राहिली. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि बसल्या. चेहरा होता तसाच होता. मान मात्र लाल झाली होती.

“अडतीस वर्षं दुकानात होते मी,” त्या म्हणाल्या. “गिऱ्हाइकाचा हात आपल्या हातात घेऊन हातमोजा चढवायचा. तोंड समोर, वीतभर अंतरावर. दुकानातली बाई लसूण खाऊ शकते का? दर नोव्हेंबरात आई, बहीण, मेहुणे, सगळे या टेबलाशी बसून खायचे. मी त्यांच्यात बसून बटाटा वरच्या तेलात बुडवायची. तुम्ही आत्ता करत होता ना, तस्सं. कारण मला दुसऱ्या दिवशी लोकांत जायचं असायचं. मग दुकान सुटलं, तोवर ती सगळी गेली. आणि हे एकट्यानं खायचं नसतं.”

त्यांनी वाइनचा घोट घेतला. एवढं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती.

“उद्या मी चर्चला जाणार नाहीये. सोमवारी गाण्याच्या मंडळाला येत नाही म्हणून कळवलंय. दोन दिवस या गावात माझ्याशेजारी कुणी उभं राहणार नाही. ज्यानं हेच खाल्लंय, तोच काय तो राहील.”

खोलीतल्या बिनपडद्याच्या खिडक्या, रिकाम्या खुंट्या, समोरची दोन भांडी, हे सगळं एकदमच कोसिमोच्या डोक्यात शिरलं आणि आपण किती मोठे गाढव आहोत हेही त्याबरोबर शिरलं. त्यानं कार्डोचा सगळ्यांत जाड तुकडा उचलला आणि भांड्यात खालपर्यंत नेला. लसणात दूध नव्हतं. बाईंनी काडी ओढून आपली मेणबत्ती पुन्हा पेटवली.

ते दोघं चार वाजेपर्यंत जेवत होते. तळाशी थोडं राहिलं तेव्हा बाईंनी प्रत्येकाच्या भांड्यात एकेक अंडं फोडून ढवळलं, आणि हेच खरं जेवण, बाकीचं नुसतं इथवर येण्यासाठी असतं, असं म्हणाल्या. कोसिमोनं विचारलं, मग मी बिचेरीन ढवळलं तेव्हा वाईट वाटलं होतं का. त्या म्हणाल्या, फार. पण तुम्ही शेवटचा थेंबसुद्धा चमच्यानं खरवडून प्यालात, म्हणून म्हटलं, चालतं.

रविवारी सकाळी अकराला त्याच्या दारावर थाप पडली. बाई कोट घालून उभ्या होत्या. घरात बसवत नाही, नदीपर्यंत जाऊन येऊ, असं त्यांनी सुचवलं. ट्राम नेहमीसारखी भरलेली होती. दोघांना कशाबशा दोन जागा मिळाल्या. पुढच्या थांब्यावर समोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्राची घडी घातली, टोपीला हात लावला आणि ते पार पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले. त्यानंतर एक आई मुलीला घेऊन उठली. मग दोघी म्हाताऱ्या, अगदी हळू, आपल्याला तिथंच उतरायचं होतं असं दाखवत. कुणी नाकाला रुमाल लावला नाही, कुणी शब्द बोललं नाही. तोरिनोचे लोक ते. पण चौथ्या थांब्यापर्यंत ट्रामचा मागचा अर्धा भाग या दोघांचा झाला होता. एवढी जागा असूनही बाई सरकल्या नाहीत. त्यांचं कोपर कोसिमोच्या कोपराला लागून होतं.

परतीच्या ट्राममध्ये असताना बाराला कोसिमोच्या खिशातला फोन वाजला. मारिलेनानं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, येतोयस ना? कोसिमो म्हणाला, नाही येत. ती चिडली. एकटा आहेस, आजारी पडलास तर बघायला कोण, तिथं तुझं आहे तरी कोण, अशी तिनं सरबत्ती सुरू केली. तिचा आवाज एवढा मोठा होता, की बाईंना सगळं ऐकू जात होतं. कोसिमोनं फोनवर हात ठेवला आणि त्यांच्याकडे वळून विचारलं, काय सांगू.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. “सांगा, मार्चपर्यंत दर शनिवारी तुम्ही खाली जेवायला येता.”

त्यानं तसं सांगितलं. मारिलेनानं हळू आवाजात विचारलं, “आणि मार्चनंतर?”

हे उत्तर आपण द्यायचं नाही, एवढं आता कोसिमोला कळत होतं. त्यानं नुसता फोन बाईंच्या दिशेनं धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही, पण फोनजवळ तोंड नेलं. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायच्या तशा स्वच्छ, सभ्य आवाजात त्या म्हणाल्या, “मार्चनंतर बाजारात अ‍ॅस्परॅगस येतो, बाळ.”